आकाराम खोताच्या पोरीचा हात

उत्तरेश्वर पेठेत आकाराम खोताला 'गिटार वस्ताद' म्हणत. सुरवातीला थट्टेनं म्हणत, पुढं त्याच्या पोरीचं वाजवणं ऐकून खरोखरच्या मानानं म्हणायला लागले. माणूस कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका फौंड्रीत कामाला. साच्यातून निघालेलं ओतीव लोखंड ग्राइंडरनं घासायचं, सकाळी सात ते दुपारी साडेतीन. मनगटं अशी की कासारानं बघून हात जोडावेत. बोलणं मोठं, हसणं त्याहून मोठं, आणि डोक्यात एकदा काही शिरलं की ते काढायला जेसीबी आणावा लागायचा. त्या डोक्यानंच घात केला, दुसऱ्या कुणी नाही.

आता तालमीतल्या गड्याच्या हातात इलेक्ट्रिक गिटार आली कशी, हे आधी सांगायला पाहिजे. विसाव्या वर्षापर्यंत आकाराम पेठेतल्या तालमीत होता. पहाटे चारला उठायचं, जोर-बैठका मारायच्या, हौद्यातली माती उकरायची. एका जत्रेच्या मैदानात उजवा खांदा निखळला. तो बसवला, पण वस्तादांनी सांगितलं, "आता तुज्याच्यानं कुस्ती हुणार न्हाय. जा घरला." सहा महिने गडी कट्ट्यावर बसून होता, तोंडावरची माशी हलत नव्हती. त्या वर्षी गणपतीत मंडळाच्या स्टेजवर ऑर्केस्ट्रा आला. त्यातला गिटारवाला म्हणजे नुसती हाडं. दंडावर मुठीएवढं मांस नाही. पण त्यानं तारेवर हात फिरवला आणि अख्खी गल्ली हादरली. आकाराम तोंड उघडं टाकून बघत राहिला. त्याच्या मनात आलं, ह्या काडीपैलवानाच्या हातातनं एवढा आवाज निघतोय, तर आपल्यासारख्यानं धरली तर काय होईल! तिथंच सगळं गणित चुकलं. त्या काडीपैलवानाचा हात मनगटापासून पाण्यासारखा सैल होता, म्हणून तो आवाज निघत होता. पण तालमीत वाढलेल्या माणसाला सैल हात दिसतच नाही. त्याला दिसतो तो दंड.

जुनी गिटार घेतली, आणि बारा वर्षं गावोगावच्या ऑर्केस्ट्रात वाजवली. साथीचं वाजवायचा, धडाधड. एका कार्यक्रमात दोन-तीन तारा तुटल्या नाहीत असं कधी झालं नाही. गाणारे वैतागून म्हणायचे, "आकाराम, तार हाय ती, कुणाची मानगूट न्हाय." सगळे हसायचे, हासुद्धा हसायचा. पण जलद तुकडा आला की त्याचा हात अर्ध्यात जाम व्हायचा. पिक, म्हणजे तार छेडायची ती प्लास्टिकची तिकोनी चकती, बोटांत घट्ट आवळली जायची आणि हात पुढं सरकायचाच नाही. हे का होतं, यावर त्यानं लई विचार केला. आणि शेवटी ठरवलं की आपण उशिरा लागलो. हाड कोवळं असताना मेहनत केली असती तर झालं असतं.

लग्न झालं, पोरगी झाली. संयोगिता तिचं नाव. ती नऊ वर्षांची झाली आणि आकारामनं तिच्या गळ्यात गिटार अडकवली.

मारझोड केली म्हणाल तर नाही, एकदासुद्धा नाही. उलट असा बाप पेठेत शोधून सापडला नसता. रात्री भिजत घातलेले बदाम पहाटे स्वतः सोलायचा, म्हशीचं दूध तापवायचा, आणि मग पोरीला उठवायचा. साडेचारला सुरवात. पिकऐवजी हातात जुनं जाडजूड नाणं द्यायचा, कारण नाणं धरायला जोर लागतो. तारा सगळ्यात जाड. पोरगी बारा वर्षांची झाल्यावर फौंड्रीतले लोखंडी छर्रे कापडी पिशवीत शिवून ती पिशवी तिच्या मनगटाला बांधली. पैलवान पायाला वजन बांधून पळतो, तेच हे. हजार खाली, हजार वर, मग हजार खाली-वर. तो समोर पाटावर बसून मोजायचा. नाणं हातातनं पडलं की आकडा परत एकपासून.

"पकड सुटली की कुस्ती गेली," म्हणायचा. "धर. आवळून धर."

बायको, रूपाली, सैपाकघरातनं ऐकायची. "अवो, पोरगी हाय ती. तिला काय मैदान मारायला सोडायची हाय व्हय?" असं एकदोनदा म्हणाली.

"तुला त्यातलं काय कळतंय?" आकाराम म्हणायचा, आणि खोटं कशाला बोला, तिला खरंच कळत नव्हतं. त्यालाही कळत नव्हतं, एवढाच काय तो घोळ होता.

पण गंमत बघा, त्या मेहनतीनं फळ दिलं. चौदाव्या वर्षी संयोगितानं शाळेच्या गॅदरिंगमध्ये वाजवलं आणि हेडमास्तर खुर्चीतनं उठून उभे राहिले. सोळाव्या वर्षी मंडळाच्या स्टेजवर, त्याच गल्लीत, तिनं असं काय वाजवलं की पोरं ओरडायला लागली, "नाद खुळा! नाद खुळा!" आवाज भक्कम, वेग तर विचारू नका. तिचा व्हिडिओ मोबाइलवरनं फिरत फिरत पार बेळगावला गेला. आकाराम फौंड्रीत ज्याला त्याला दाखवायचा. ग्राइंडर बंद करून दाखवायचा, म्हणून सुपरवायझरच्या शिव्या खायचा. वाजवून झालं की संयोगिता उजवा हात काखेत दाबून बसायची, हे त्या व्हिडिओत दिसत नव्हतं. घरात दिसायचं. पण जोर मारल्यावर अंग दुखायचंच, त्यात काय एवढं, असं आकारामला वाटायचं.

अठराव्या वर्षी ती राजारामपुरीत जिनेश मगदुमाच्या क्लासला जायला लागली. जिनेश तिशीतला, जैनाच्या घरातला, पुण्यात चार वर्षं शिकून आलेला शांत माणूस. त्यानं तिचं वाजवणं पहिल्या दिवशी पूर्ण ऐकून घेतलं. शाबास म्हणाला. मग स्वतःचा तळवा पुढं केला.

"तुझा हात ठेव यावर. सगळं वजन सोड."

तिनं ठेवला.

"सोडलंस?"

"सोडलंय की, सर."

जिनेशनं आपला तळवा हळूच खाली काढून घेतला. संयोगिताचा हात होता तिथंच, हवेत. खाली आलाच नाही. तिनं स्वतःच त्या हाताकडं बघितलं आणि ती घाबरली.

जिनेशनं आकारामला बोलावून घेतलं. "काका, पोरगी गुणी आहे. पण हिच्या हाताला सोडणं माहीतच नाही. खांद्यापासून बोटापर्यंत लाकूड झालंय. ते वजन, ते नाणं, सगळं बंद करा. सहा महिने हळू वाजवू दे, बारीक आवाजात. तार काय पळून जात नाही. नाहीतर हा हात एक दिवस दगा देईल."

आकारामचं डोकं सणकलं. "पावणं," तो म्हणाला, आणि ओळखीच्या माणसाला 'पावणं' म्हटलं की समजायचं प्रकरण तापलंय, "नऊ वर्षं म्या ही पोरगी घडीवलीया. तुमी काय सांगताय मला? ढिला हात म्हंजे ढिला माणूस. चल गं."

क्लास सुटला. जाताना संयोगितानं मागं वळून बघितलं. बापापुढं बोलायची तिला सवयच नव्हती.

त्यानंतर दोन-अडीच महिन्यांत पुण्याच्या एका मोठ्या ऑर्केस्ट्राला गिटार वाजवणारं माणूस पाहिजे होतं. देशभर फिरणारा ऑर्केस्ट्रा. तिचा व्हिडिओ बघून त्यांनी स्वतः फोन केला. कोल्हापुरात एका हॉलमध्ये चाचणी घ्यायची ठरली, महिन्याभरानं. आकारामच्या अंगात वारं शिरलं. हजाराचे दोन हजार केले. छर्ऱ्यांची पिशवी वजनदार केली.

तीन आठवडे उरले असताना संयोगिता म्हणाली, "पप्पा, हे बोट आपोआप आत जातंय." पिक धरली की तिचं पहिलं बोट तळव्याकडं वळायचं. ती सरळ करायची, ते परत वळायचं. अंगठा ताठ होऊन राहायचा आणि पिक गर्रकन फिरून खाली पडायची.

दुसरा कुणी असता तर दवाखाना गाठला असता. आकारामनं तालीम गाठली. हाताचं दुखणं म्हटलं की पेठेतला माणूस आजही आधी वस्तादांकडंच जातो, आणि मुरगळलेला पाय, उतरलेला खांदा यात ते काही चूक नाही. हंबीरराव वस्ताद आता सत्तरीचे. त्यांनी पोरीचा हात दाबून बघितला आणि म्हणाले, "शीर आखडलीया. कमजोरी हाय." तेल लावून त्यांनी कोपरापासून मनगटापर्यंत अंगठ्यानं रगडलं. पोरगी ओठ चावून बसली होती, डोळ्यांतनं पाणी गळत होतं. वर रोज शंभर वेळा मुद्गल फिरवायला सांगितलं. म्हणजे जो हात आवळून आवळून बिघडला होता, त्याला आणखी आवळायला लावलं. संयोगितानं तेही केलं. वीस दिवस केलं.

चाचणीच्या दिवशी हॉलमध्ये पुण्याचे तिघं बसले होते, आणि मागं पेठेतली चाळीसभर माणसं. आकाराम पहिल्या रांगेत, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून. संयोगिता स्टेजवर आली. पहिल्या चार ओळी वाजवल्या आणि पिक पडली. वाकून उचलली. परत सुरू केलं, परत पडली. लोक म्हणाले, होतं असं, घाबरली असेल. चौथ्यांदा पडली तेव्हा हॉलमध्ये कुणी खोकतसुद्धा नव्हतं. पाचव्यांदा तिनं पिक उचलली, तारेजवळ हात नेला, आणि तो हात मिटला. पाची बोटं आत गेली आणि मूठ झाली. ती उघडायला बघत होती आणि ती उघडत नव्हती. शेवटी तिनं डाव्या हातानं उजव्या हाताचं एकेक बोट धरून सरळ केलं, सगळ्यांच्या देखत.

तेव्हा आकाराम खुर्चीतनं उठून ओरडला, "सोड! सैल सोड की गं! सैल सोड!"

नऊ वर्षांत पहिल्यांदाच हा शब्द त्याच्या तोंडातनं निघाला होता. संयोगितानं त्याच्याकडं बघितलं, गिटार खाली ठेवली आणि मागच्या दारानं निघून गेली.

मग दवाखाने झाले. कोल्हापुरात दोन, मिरजेला एक. मिरजेच्या, हातांच्या दुखण्याच्या डॉक्टरीणबाईंनी सगळ्या तपासण्या केल्या. हाड नीट, शीर नीट. संयोगिता भाकरी थापत होती, स्कूटी चालवत होती, कॉलेजचा पेपर तीन तास लिहीत होती. कशाला काही होत नव्हतं. फक्त पिक धरून तारेजवळ हात नेला की मूठ. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हाताला आजार नाही. मेंदूनं चुकीचं पाठ केलंय. वाजवायचं म्हणजे आवळायचं, एवढंच त्याला माहीत आहे. ते पुसून नवीन शिकवावं लागेल, अगदी पहिल्यापासून. काहींचं होतं, काहींचं होत नाही."

घरी आल्यावर आकाराम जेवला नाही. रूपालीनं ताट वाढलं, तो नुसता बघत बसला. "म्या पोरीचा हात मोडला," म्हणाला. "कुणी दुसऱ्यानं मोडला असता तर त्याचा जीव घेतला असता."  खोटा धीर द्यावा अशी रूपाली नव्हती. ती त्याच्या शेजारी बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी तो जिनेशच्या क्लासवर गेला. दारात चप्पल काढली, आत गेला आणि हात जोडले. "सर, चुकलं माझं. शिव्या घाला, पण पोरीला परत घ्या."

जिनेशनं शिव्या घातल्या नाहीत. घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. तो म्हणाला, "काका, घाई करायची नाही. सुरवातीला पिकसुद्धा नाही. हात दोरीवरच्या ओल्या टॉवेलसारखा खाली सोडायचा. बोटानं तारेला एकदा हात लावायचा आणि परत सोडायचा. रोज पाच मिनिटं, जास्त नाही. आवाज चांगला आला की वाईट, ते बघायचंच नाही."

आता इथं तरी आकारामनं गप बसावं की नाही? पण तो आकाराम. पहाटे साडेचारला उठला, बदाम सोलले, आणि पाटावर समोर येऊन बसला. संयोगितानं हात खाली सोडला. "सैल," आकाराम म्हणाला. "अजून सैल. खांदा बघ. खांदा वर आला. सोड. एक. परत. सोड. दोन." हजार वेळा आवळायला लावणारा माणूस आता हजार वेळा सैल सोडायला लावत होता. मोजत होता! पाच मिनिटांचा पाऊण तास व्हायचा. त्याला पोरीचं भलं करायचं होतं, जीव तुटत होता त्याचा. आणि समोर बसलेल्या पोरीचा हात आता बोट तारेपर्यंत पोचायच्या आतच मिटायला लागला.

सहा-सात महिने असे गेले. जिनेशच्या क्लासवर थोडं थोडं जमत होतं. बोटानं, मग हलक्या पिकनं, एक सूर, दोन सूर. घरी आलं की परत मूठ. आकारामला वाटायचं, जिनेश खोटं सांगतोय, पोरीला बरं वाटावं म्हणून.

शेवटी रूपालीनंच तोंड उघडलं. एका रविवारी संयोगिता मैत्रिणीकडं गेली होती, तेव्हा तिनं आकारामला समोर बसवलं.

"एक सांगू? रागाला येऊ नका. तुमी कामाला गेला की ती वाजीवती. हितं, घरात. मी बघितलंय. हात चालतोय तिचा."

"काय बोलतीस?"

"बोळात तुमच्या गाडीचा आवाज आला की मिटतोय. तुमी दारात यायच्या आधी."

"गाडीच्या आवाजानं हात मिटतोय? येडी का काय तू?"

"मग बघा जावा स्वतः," रूपाली म्हणाली.

त्यानं खरंच बघितलं. बुधवारी संयोगिताच्या कॉलेजला सुट्टी होती, तेव्हा बरं वाटत नाही म्हणून सांगून तो बाराला सुटला. गाडी घराकडं न नेता हमरस्त्यावर लावली आणि चालत बोळात शिरला. भर दुपारी बोळ मोकळा होता. घराच्या खिडकीखाली तो भिंतीला पाठ लावून उभा राहिला.

आतनं गिटार ऐकू येत होती. आवाज लहान होता, एकेक सूर सुटा, सावकाश. कुठं धडपड नाही, कुठं जोर नाही. एक सूर संपेपर्यंत ती थांबत होती आणि मग दुसरा घेत होती. असं आपल्याला आयुष्यात एकदाही जमलं नाही, हे आकारामला उभ्या उभ्या कळलं. नऊ वर्षं ज्याच्यासाठी पोरीला पहाटे उठवली, ते हे होतं, आणि ते त्याच्याशिवाय चाललं होतं. त्याला रडू आलं. शर्टाच्या बाहीनं तोंड दाबून तो उभा राहिला. आणखी थोडं ऐकावं एवढंच त्याला वाटत होतं.

समोरच्या दारात धोंडुबाई भांडी घासायला बसली. तिला कमी ऐकू यायचं, म्हणून ती सगळ्यांशी ओरडूनच बोलायची. "का रं आकाराम! आज लवकर आलास व्हय? आन भितीला का चिकटलाईस?"

आतला सूर मध्येच तुटला. मग फरशीवर पिक पडल्याचा आवाज आला. एवढासा आवाज, पण आकारामला तो नीट ऐकू आला.

तो आत गेला. संयोगिता खुर्चीत बसली होती. गिटार मांडीवर, उजव्या हाताची मूठ, आणि डावा हात त्या मुठीवर झाकलेला. चोरी सापडल्यासारखा चेहरा झाला होता तिचा.

"पप्पा, तुमच्यावर राग न्हाय ओ माझा," ती म्हणाली. "खरंच न्हाय. मी लई समजावते त्याला. पण हाताला कळत न्हाय."

"व्हय," आकाराम म्हणाला. त्याला तिच्या डोक्यावरनं हात फिरवायचा होता. पण तो पुढं सरकला तशी तिची मूठ आणखी आवळली गेली, ते त्याला दिसलं, आणि तो सैपाकघरात जाऊन पाणी पिऊन आला.

दुसऱ्या दिवशी त्यानं फौंड्रीच्या ऑफिसात जाऊन सेकंड शिफ्ट मागितली. दुपारी साडेतीन ते रात्री बारा. ज्या शिफ्टमधनं सुटायला लोक साहेबांच्या पाया पडतात, ती मागून घेणारा हा पहिलाच. क्लार्क म्हणाला, "आकाराम, घरात भांडण झालं काय?" आकारामनं एक वर्षासाठी अर्ज लिहून दिला. कॉलेज सुटून पोरगी घरी यायची वेळ आणि त्याची निघायची वेळ एकच झाली. पहाटेचा पाट त्यानं माळ्यावर टाकला. बदाम सोलून वाटीत ठेवायचा तेवढं चालू राहिलं. ती वाटी ती कधी खायची, कधी तशीच ठेवायची. रविवारी सकाळी जेवून तो बाहेर पडायचा, रंकाळ्यावर बसायचा, कुणाच्या तरी शेतावर जायचा, अंधार पडल्यावर घरी यायचा. बाप-लेकीचं बोलणं म्हणजे सकाळच्या चहाच्या वेळी, तेही पाऊसपाण्याचं. गिटारीचं नाव नाही.

पेठेत लोक विचारायचे, "काय वस्ताद, पोरगी वाजीवती का न्हाय आता?" तो म्हणायचा, "वाजीवती की." कसं वाजवते हे त्याला माहीत नव्हतं. त्या बुधवारनंतर त्यानं एक सूर ऐकला नव्हता.

वर्ष संपत आलं तेव्हा संयोगिता एके सकाळी चहाचा कप घेऊन त्याच्यासमोर बसली. कपाच्या कडेवरनं बोट फिरवत म्हणाली,

"पप्पा, रविवारी कार्यक्रम हाय. पेठ वडगावला, जिनेश सरांच्या पोरांचा. मी दोन गाणी वाजवणार हाय."

आकाराम चटकन म्हणाला, "व्हय? लई भारी. लई भारी झालं गं."

"मम्मी येणार हाय." एवढं बोलून ती थांबली. तिचे डोळे भरले. "पप्पा, तुमी..."

तिला ते वाक्य पुरं करायला लावणं त्याच्या जिवावर आलं. "म्या न्हाय येत," तोच म्हणाला. "रविवारी ओव्हरटाइम हाय मला." ओव्हरटाइम नव्हता, हे तिलाही ठाऊक होतं. ती उठली, कप मोरीत ठेवला, आणि जाताना डाव्या हातानं त्याच्या खांद्याला क्षणभर हात लावून गेली.

रविवारी तो खरंच कागलला गेला. सुट्टीच्या दिवशी काम मागून घेतलं आणि ग्राइंडर धरून उभा राहिला. सहा वाजून गेल्यावर खिशातला मोबाइल थरथरला. रूपालीचा फोन. त्याला कळलं, तिनं स्टेजवरचं ऐकवायला लावलाय. अंगठा बटणावर ठेवून तो थांबला. पोरीला हॉलमध्ये आईच्या हातातला फोन दिसला तर? पलीकडं कोण ऐकतंय हे तिला कळल्याशिवाय राहील? त्यानं फोन कट केला आणि बंद करून डब्याच्या पिशवीत टाकला. शेजारच्या गड्यानं विचारलं, "कुणाचा हुता?" तर म्हणाला, "सिम कंपनीचा."

घरी आला तेव्हा संयोगिता झोपली होती. रूपाली जागी होती. तिनं भात गरम केला आणि ताट वाढलं.

"हात?" त्यानं विचारलं.

"सैल हुता. शेवटपत्तूर." रूपाली ताटाशेजारी टेकली. "लोक उभं ऱ्हायले हो. लई टाळ्या पडल्या."

त्यानं मान हलवली. दोन घास खाल्ले. मग ताटाकडंच बघत म्हणाला, "सूत्रसंचालनवाल्यानं इचारलं असंल की, कुणाकडनं शिकलीस म्हणून."

"इचारलं."

"मग?"

रूपालीनं आमटीची वाटी उगाच सारखी केली. "जिनेश सरांचं नाव घेतलं. तुमचं न्हाय घेतलं."

आकाराम भात कालवत राहिला. "बरं केलं," म्हणाला. "माजं नाव तोंडात आलं असतं तर हात मिटला असता."

सोमवारी दुपारी शिफ्टवर चढायच्या आधी तो ऑफिसात गेला. सेकंड शिफ्टचं वर्ष संपलं होतं. क्लार्कनं नवा कागद पुढं सरकवला. आकारामनं नाव लिहिलं, खातं लिहिलं, आणि किती दिवसांसाठी विचारलं होतं त्या रकान्यात 'कायम' असं लिहून सही केली.